इंजिन बदलायचं, हे ठरवणार कोण?

चारचाकी चालवणारी बाई आता शहरात कुणाला नवलाची वाटत नाही. 'बाई चालवतेय' म्हणून मागून उगाच हॉर्न वाजवणारे आहेतच, पण ती स्टिअरिंगमागे बसणार एवढं तरी लोकांनी मान्य केलं आहे. ती बॉनेट उघडून उभी राहिली, की मात्र चित्र पालटतं. दोन-चार माणसं मदतीला धावतात, पण तिचं म्हणणं ऐकून घ्यायला त्यातला एकही थांबत नाही. आणि गॅरेजच्या दारात तर पहिलाच प्रश्न असतो, "साहेब नाही आले?"

गेल्या वर्षी जवळजवळ चार महिने मी एका जुन्या मोटारीचं इंजिन बदलून देणारा मेकॅनिक शोधत होते. त्या शोधात जे पाहिलं ते आपल्या अंकात लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. ज्या पानांवर आपण कौटुंबिक हिंसा, पोटगी, रोजगार हमी, शेतजमिनीवरचं नाव या प्रश्नांवर लिहितो, तिथे एका मोटारगाडीचं काय? पण जसजशी गॅरेजं पालथी घातली, तसतसं लक्षात येत गेलं की प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. वस्तू बाईच्या नावावर असली, तरी तिच्याबद्दलचा निर्णय बाई घेते का? आणि ज्याला निर्णयामागचं कारण सांगितलंच जात नाही, त्याने दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं का?

आधी गाडीविषयी. फियाट ११०० डिलाइट, नोंदणी १९७० सालची. माझ्या आत्याने ती स्वतःच्या पगारातून घेतली. त्या काळी मोटार घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आत्या अविवाहित. 'एकट्या बाईला गाडी कशाला?' हे ती गाडी येण्याआधीही ऐकत होती आणि आल्यानंतरही. मृत्युपत्रात तिने ती माझ्या नावे ठेवली. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत नमुना ३१ भरावा लागतो. तो भरला, खेपा घातल्या आणि कागदोपत्री मी मालक झाले.

या गाड्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनत. थोड्याफार फरकाने हीच गाडी पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली. तिचं उत्पादन बंद होऊन आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्स्या रस्त्यावर होत्या तोवर सुटे भागही मिळत आणि काम जाणणारे हातही. टॅक्स्या गेल्या, तसे दोन्ही आटत चालले आहेत. म्हणूनच हा शोध लांबला.

तरी हे इंजिन तसं सरळसाधं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ७५ मिलिमीटरचा. पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्ब्युरेटर, ठिणगी वाटायला डिस्ट्रिब्युटर. संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, हाताला लागतं. समजावून सांगायचं म्हटलं तर यापेक्षा सोपं इंजिन सापडायचं नाही. पण मला ते समजावून सांगावं, असं कुणालाच वाटलं नाही.

पहिलं गॅरेज मोठं होतं, काचेची केबिन असलेलं. माझ्याबरोबर मैत्रिणीचा मुलगा आला होता, वय वर्षं २२, त्याला गाडीही चालवता येत नाही. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं त्याला दिली जात होती. चौथ्या प्रश्नाला तो बिचारा ओशाळून म्हणाला, "अहो, गाडी मावशीची आहे." मालकांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि पुढचं वाक्य पुन्हा त्यालाच उद्देशून म्हणाले. तिथे मला सांगितलेला खर्च होता १ लाख १० हजार रुपये. आठवड्याने त्याच मुलाने, गाडी आपली असल्याचं सांगून, फोनवर विचारलं तेव्हा त्याच कामाचे ८५ हजार झाले होते.

दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला, "हे इंजिनच काढून फेका, निस्सानचं टाकू." प्रीमियरच्या '११८ एनई' या गाडीत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन असे. ते जुन्या फियाटमध्ये बसवण्याची पद्धत बरीच जुनी आहे. मी विचारलं, कागदपत्रांचं काय? उत्तर आलं, "ते आम्ही बघतो. विश्वास ठेवा ताई." विश्वास पानिपतावर गेला, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तिसऱ्या गॅरेजमध्ये तर सरळ सांगितलं गेलं, "भंगारात काढा आणि त्या पैशात एक छानशी स्कूटर घ्या. तुम्हाला झेपेल अशी."

तिघांपैकी एकानेही इंजिन सुरू करून पाहिलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बायका आणि पुरुष यांनी वेगवेगळ्या गॅरेजना फोन करून एकाच गाडीच्या एकाच कामाचा, रेडिएटर बदलण्याचा, भाव विचारला. 'मला काही अंदाज नाही' असं सांगितल्यावर बायकांना सांगितलेला भाव पुरुषांपेक्षा जास्त निघाला. पण 'एवढा खर्च येतो असं मी ऐकलंय' म्हणत बाजारभावाचा आकडा सांगितला, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे गॅरेजवाला बाई पाहतो तेव्हा त्याला आधी 'हिला माहीत नसणार' हे दिसतं, आणि त्या माहीत नसण्याची किंमत तो लावतो. मैत्रिणींनो, यात चीड येण्यासारखं पुष्कळ आहे. पण हे बदलणं आपल्या हातात आहे, हेही त्यातच आहे.

आता 'इंजिन बदला' या दोन शब्दांत किती निर्णय दडलेले असतात ते पाहा.

पहिला, इंजिन खरंच बदलायला हवं का? धुराचा रंगही पुष्कळ सांगून जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. कॉम्प्रेशन मोजायचं एक छोटं मीटर असतं. ते स्पार्क प्लगच्या जागी लावून एकेका सिलिंडरचा दाब पाहतात. दाब कमी आला तर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, तसाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्वमध्ये. व्हॉल्वचं काम हेड उतरवून होतं. रिंगांचं काम मोठं, पण त्यातही बोअर करून, मोठे पिस्टन घालून किंवा नवी स्लीव्ह ठोकून मूळ इंजिन वाचवता येतं. हे सगळं संपलं, की मग इंजिन बदलण्याचा प्रश्न. या तपासणीला अर्धा दिवसही लागत नाही.

दुसरा निर्णय, बदलायचं तर कोणतं घालायचं? इथे कायदा आड येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठासून सांगितलं. त्याच जातीचं इंजिन घातलं तरी त्याचा क्रमांक वेगळा असतो. तो आरटीओला कळवून नोंदवून घ्यावा लागतो, विम्याच्या कागदांवरही यावा लागतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडीच त्यांत बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षांची असते आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. ही नोंदणी मला हवी की नको, हे मी ठरवेन. पण निस्सानचं इंजिन टाकलं की तो दरवाजाच बंद होतो, हे मला 'विश्वास ठेवा' म्हणणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

तिसरा, इंजिन आणायचं कुठून? कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे माल मिळतो. पण ते इंजिन कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीचे कागद कुठे आहेत? उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस गॅरेजच्या मालकाला शोधत बसणार नाहीत. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव, त्याच्या दारात येतील. म्हणजे 'आम्ही बघतो' असं सांगून निर्णय घेणारा एक, आणि जबाबदारी दुसरीची. हे आपल्याला नवं आहे का? कर्जाच्या कागदावर बाईचा अंगठा आणि पैसा घेऊन जाणारा भलताच, ही गोष्ट आपण गावोगावच्या बचतगटांत पाहिलेलीच आहे.

शेवटी मला मेकॅनिक मिळाला, तोही एका लेथवाल्याकडून. ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. जुन्या इंजिनांचं बोअर, क्रँकचं ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग ही कामं कुठलंच छोटं गॅरेज स्वतः करत नाही, ती सगळ्यांची लेथवाल्याकडे येतात. कुणाचं काम पुन्हा पुन्हा परत येतं आणि कुणाचं येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. जाहिरातीत किंवा ओळखीपाळखीत शोधण्यापेक्षा तिथे विचारावं.

हे उस्ताद सत्तरी ओलांडलेले. त्यांनी मला साहेबांबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "बाई, आधी ऐकू द्या." इंजिन सुरू करून पाच मिनिटं कान देऊन उभे राहिले. ऑइलची पट्टी काढून मला दाखवली. ऑइल दुधाळ झालं होतं, म्हणजे त्यात पाणी होतं. दोन सिलिंडरचा दाब पडलेला. इंजिन उतरवून, खोलून झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सिलिंडरच्या आतल्या बाजूने बोट फिरवायला लावलं. बारीक केसासारखा तडा बोटाला लागत होता. सिलिंडर आणि त्याभोवतीच्या पाण्याच्या पोकळीमधली भिंत तिथे फुटली होती. पूर्वी तीनदा बोअर करून ती भिंत आधीच पातळ झालेली. स्लीव्ह ठोकायची तर तिला आधारच उरला नव्हता. "आता ब्लॉक गेला. बदलावं लागेल," ते म्हणाले.

म्हणजे उत्तर तेच. पहिल्या दोन्ही गॅरेजांनी जे न बघता सांगितलं, तेच यांनी बघून सांगितलं. मग फरक काय पडला, असं मला घरातल्या एकाने विचारलंच. फरक असा, की पहिल्या उत्तराला मी फक्त हो किंवा नाही म्हणू शकत होते. दुसऱ्या उत्तराचं कारण माझ्या बोटाखाली होतं. त्यावर मी पुढचे प्रश्न विचारू शकले आणि 'त्याच जातीचं इंजिन, भंगारात निघालेल्या पद्मिनीचं, मूळ कागदांसह' हे माझं मी ठरवू शकले. आमच्यात लेखी ठरलं: सामानाचा खर्च वेगळा, मजुरी वेगळी, काढलेला प्रत्येक भाग मला परत, आधी न ठरलेलं काम निघालं तर विचारल्याशिवाय करायचं नाही, जुन्या-नव्या दोन्ही इंजिनांच्या क्रमांकाचे फोटो माझ्याजवळ. काम झालं, नव्या क्रमांकाची नोंदही झाली. माणूस सच्चा की लबाड हा मुद्दा दुय्यम आहे. सच्च्या माणसानेही कारण सांगितलं पाहिजे, आणि लबाडाला ते विचारण्याइतकं ज्ञान आपल्याजवळ पाहिजे.

हे वाचताना अनेकींना आपल्या आरोग्य शिबिरांची आठवण होईल. 'नवऱ्याला पाठवा, त्यांना समजावतो' असं डॉक्टर म्हणत, त्या काळात स्त्री-चळवळीने आपलं शरीर आपण समजून घ्यायचा आग्रह धरला. तपासणी कशासाठी, औषध कोणतं, दुसरा पर्याय आहे का, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येईल का, कागदावर लिहून द्याल का, हे प्रश्न आपण बायकांना विचारायला शिकवलं आणि स्वतःही शिकलो. गर्भाशय आणि इंजिन यांची बरोबरी मला करायची नाही. एक देह आहे आणि दुसरं लोखंड. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा 'काढूनच टाका' या सल्ल्यामागची रीत आपण सगळ्यांनी पाहिली. ज्याच्याजवळ ज्ञान आहे तो कारण सांगत नाही आणि जिच्याजवळ नाही ती विचारू शकत नाही. मग ती ज्याला हो म्हणते तो तिचा निर्णय नसतो. देहाबाबत ही रीत सर्वांत क्रूर होते. पण ती मुरते मात्र रोजच्या लहानसहान व्यवहारांत, मिक्सरच्या दुकानापासून मोटारीच्या गॅरेजपर्यंत.

यंत्र बायकांना कळत नाही, हा समज निसर्गातून आलेला नाही, तो घडवलेला आहे. मोटारीचा इतिहासच घ्या. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेन्झ या बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरची ही जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारसफर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका तारेचं आवरण झिजलं होतं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक लागेना तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते गावातल्या औषधांच्या दुकानातून घेतलं. या मोटारीमागच्या धंद्यात लग्नाआधी बर्थाबाईंच्याच हुंड्याचा पैसा गुंतला होता. पेटंट मात्र १८८६ साली निघालं ते नवऱ्याच्या नावाने. रस्त्यात मोटार दुरुस्त करणारा पहिला माणूस जर बाई होती, तर मग बाईच्या हातातून पाना गेला कुठे?

तो काढून घेतला गेला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये अशी तरतूद होती की, चालू यंत्र साफ करणं, त्याला तेल घालणं, ते जुळवणं ही कामं बायकांना आणि अल्पवयीन मुलांना करू द्यायची नाहीत. हेतू सुरक्षिततेचा होता हे खरं. पण धोका पुरुषाच्या हातालाही तेवढाच असतो. यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईला यंत्रापासून दूर ठेवलं गेलं, आणि तिची गणना अल्पवयीनांबरोबर झाली. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत, बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी या इंजिनिअर मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, तेव्हा पुण्याच्या कारखान्याचं दार उघडलं. ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. पण इंजिनिअरची पदवी असलेल्या मुलीला पोस्टकार्ड लिहावं लागलं, तिथे सातवी पास मुलगी मोटार गॅरेजच्या दारात काय करणार होती?

गॅरेजचं शिक्षण शाळेत होत नाही. दहा-अकरा वर्षांचा मुलगा 'छोटू' म्हणून येतो, पाने पुसतो, चहा आणतो, शिव्या खातो आणि बघत बघत शिकतो. ही बालमजुरी आहे. तिचं उदात्तीकरण मला करायचं नाही. माझे उस्तादही असेच शिकले. मुली का नाही शिकल्या, असं विचारलं तेव्हा ते आधी म्हणाले, "मुली येतात कुठं?" मग थोड्या वेळाने स्वतःच सांगू लागले. त्यांची धाकटी लेक लहानपणी गॅरेजात बसायची. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, न बघता हातात द्यायची. आवाजावरून सांगायची, "अब्बा, टॅपेट वाजतायत." ती 'मोठी' झाली आणि तिचं येणं बंद झालं. कुणी बंद केलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या गॅरेजात संडास नाही, त्या ओळीतल्या एकाही गॅरेजात नाही. मुलगी येणार कुठं, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उस्तादांच्या हाताखाली आज कुणीही नाही. मुलींना जे कधी दिलं नाही, ते आता घ्यायला मुलगेही उरलेले नाहीत.

'मोटार हा खाऊनपिऊन सुखी बायकांचा प्रश्न आहे,' असा आक्षेप येईल, आणि तो यायलाही हवा. जुनी फियाट जपणं ही चैनच आहे. पण यंत्र ही आता चैन राहिलेली नाही. आपल्या बचतगटांना पिठाची गिरणी मिळते, शेवयांचं यंत्र मिळतं, मिरची कांडप मिळतं. फोटो निघतात. सहा महिन्यांनी मोटर जळते, तालुक्याचा मिस्त्री आठ दिवस येत नाही, आला की पैसे किती घेईल याचा नेम नाही, आणि यंत्र कोपऱ्यात पडून राहतं. मग अहवालात लिहिलं जातं, 'महिलांना उद्योग चालवता आला नाही.' विहिरीवरच्या पंपाचं तेच, शिवणयंत्राचं तेच. सातबाऱ्यावर नाव लावायला आपण किती वर्षं झगडलो! त्या शेतातला पंप बंद पडल्यावर कुणाच्या पाया पडायचं, हा त्याच झगड्याचा पुढचा भाग आहे.

आणि हे होऊ शकतं, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून दलित, आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पाण्यासाठी मैलोगणिक चालणाऱ्या बाईच्या हातात पाना आला, तेव्हा गावातल्या पुरुषांनी आधी हसून घेतलं, मग पंप बंद पडल्यावर तिला बोलावणं धाडलं. दुरुस्तीच्या नोंदी ठेवायच्या म्हणून या बायकांना लिहिण्याची गरज वाटली, आणि त्यातूनच १९९३ मध्ये 'महिला डाकिया' हे त्यांचं पत्र निघालं. आधी अक्षर मग यंत्र, हा आपला नेहमीचा क्रम त्यांनी उलटा करून दाखवला. राजस्थानात तिलोनियाला तर कमी शिकलेल्या बायका सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकून आपापल्या गावी परतल्या.

म्हणून आपल्या गटांपुढे काही सूचना ठेवते.

पहिली, प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या मिस्त्रींची एक वही ठेवावी. मोटार, स्कूटर, पंप, गिरणी, शिवणयंत्र, फ्रीज, सगळ्यांची. कोण कारण सांगतो, कोण जुना भाग परत देतो, कोण लेखी देतो, कुणी किती घेतले, हे त्यात लिहावं. जिला गरज पडेल तिने ती वाचून मगच भाव विचारायला जावं. तो अमेरिकन अभ्यास जे सांगतो, ते या एका वहीने साधतं.

दुसरी, कुठल्याही दुरुस्तीला चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. काय बिघडलं आहे? ते कशावरून ठरवलं, मला दाखवाल का? यापेक्षा कमी खर्चाचा उपाय आहे का, नसेल तर का नाही? काढलेला भाग परत द्याल ना? या चार प्रश्नांना तांत्रिक शिक्षण लागत नाही, थोडा चिवटपणा लागतो.

तिसरी, मागण्यांची. मुलींच्या आयटीआयमध्ये शिवण आणि केशभूषेपलीकडे मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, पंप दुरुस्ती यांच्या जागा हव्यात, आणि जिथे त्या मुलींना खुल्या आहेत तिथे वसतिगृह हवं. बचतगटाला यंत्र देणाऱ्या प्रत्येक योजनेत किमान दोन सदस्यांचं दुरुस्तीचं प्रशिक्षण सक्तीचं हवं. गॅरेजांच्या वस्तीत, औद्योगिक वसाहतीत बायकांसाठी संडास हवा. ही मागणी कुणाला किरकोळ वाटेल, पण त्या एका गोष्टीवाचून किती कामं आपल्यासाठी बंद राहिली आहेत, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

चौथी, आपल्या शिबिरांत कायदा, आरोग्य, गाणी यांच्या जोडीला एक दुपार यंत्रासाठी ठेवावी. फार काही लागत नाही. बंद पडलेली पाण्याची मोटर, एखादी जुनी स्कूटर, पान्यांचा एक संच. शिकवायला उस्तादांसारखे कितीतरी जण आहेत, ज्यांचं ज्ञान घ्यायला आता कुणी उरलेलं नाही. मी त्यांना विचारलं आहे, ते यायला तयार आहेत. त्यांना अट एकच घातली आहे: तुम्ही सांगायचं, पण पाना आमच्या हातात राहील. ज्या गटांना असं शिबिर घ्यायचं असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. ज्यांनी याआधीच घेतलं असेल त्यांनी अनुभव लिहून पाठवावा, म्हणजे पुढच्या अंकात तो सगळ्याजणींपर्यंत पोचेल.